दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरची मळमळ-उलटी: बायकांना जास्त का होते आणि आधीच काय करता येतं?

टिपकागद

पुढच्या महिन्यात माझ्या बीजांडकोषातली गाठ दुर्बिणीतून काढायची आहे. सर्जनबाईंवर पूर्ण विश्वास आहे, ऑपरेशनची भीतीही फारशी वाटत नाही. धास्ती आहे ती नंतरच्या उलट्यांची. काही वर्षांपूर्वी पूर्ण भूल देऊन एक लहानसं ऑपरेशन झालं होतं. शुद्धीवर आले तेव्हा जी मळमळ सुरू झाली ती रात्रभर हटली नाही. पोटात काही नसताना नुसते कोरडे उमासे, आणि प्रत्येक उमाशाबरोबर टाक्यांत कळ. विचारलं की एकच उत्तर मिळायचं: "भुलीनं होतं असं, उद्या बरं वाटेल."

या वेळी उद्याची वाट बघायची नाहीये. मैत्रिणींना विचारलं तर दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्या बहुतेकींना हा त्रास झालेला, घरातल्या पुरुषांना मात्र फारसा नाही. असं का? आणि पोटाला एवढीशी छिद्रं पाडून केलेल्या ऑपरेशननंतर इतकं का ढवळावं? इथे कुणी भूलतज्ज्ञ असतील तर कृपया सविस्तर लिहा. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनीही लिहा.

खिडकीजवळची

अगदी माझाच प्रश्न. मला लहानपणापासून गाडी लागते, घाटात तर हमखास. दोन्ही ऑपरेशननंतर भरपूर उलट्या झाल्या. या दोन गोष्टींचा काही संबंध असतो का? आजवर कुठल्याच डॉक्टरांनी गाडी लागते का असं विचारलेलं नाही, म्हणून मीही कधी सांगितलं नाही.

शुद्धहवा

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

खिडकीजवळची, संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. कुणाला त्रास होईल याचा बऱ्यापैकी अंदाज आधी बांधता येतो. १९९९ साली जर्मन भूलतज्ज्ञ आप्फेल आणि सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब मांडला, तो आज जगभर वापरतात. त्यात चारच गोष्टी बघायच्या. रुग्ण स्त्री आहे का, धूम्रपान न करणारी आहे का, पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झाल्या आहेत किंवा गाडी लागते का, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातली वेदनाशामकं (मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रामाडॉल वगैरे) लागणार आहेत का. यातलं एकही लागू नसेल तर शंभरातल्या साधारण १० जणांना त्रास होतो. एक लागू असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८०.

टिपकागद, तुम्ही स्त्री आहात आणि पूर्वी त्रास झालेला आहे. धूम्रपान करत नसाल तर तीन गुण इथेच झाले. नंतर अफूवर्गातलं औषध लागलं तर चार. म्हणजे मागच्या वेळी जे झालं तो योगायोग नव्हता, आणि काहीच केलं नाही तर पुन्हा होण्याची शक्यता दाट आहे. हे घाबरवायला लिहीत नाहीये. जे आधी दिसतं त्याची तयारीही आधी करता येते, म्हणून लिहितेय.

बायकांनाच का? या सगळ्या घटकांमध्ये स्त्री असणं हा सर्वांत बळकट घटक निघालाय, धोका पुरुषांच्या दुपटीहून जास्त. वयात येण्यापूर्वी मुलगा-मुलगी असा फरक दिसत नाही, तो नंतर दिसायला लागतो, त्यामुळे संशय साहजिकच संप्रेरकांवर गेला. पूर्वी काही जण पाळीच्या चक्रातले दिवस मोजून ऑपरेशनची तारीख ठरवावी असं म्हणायचे. पुढच्या अभ्यासांत त्याला आधार मिळाला नाही, तेव्हा त्यासाठी तारीख पुढेमागे करू नका. वजन जास्त असण्याचाही संबंध नाही, हा गैरसमज अजून फार पसरलेला आहे. वय पन्नाशीच्या आत असेल तर मात्र धोका थोडा वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांना त्रास कमी होतो हे खरं असलं तरी कुणी त्यातून भलता अर्थ काढू नये. भुलीत आणि भुलीनंतर फुप्फुसांचे जे हाल होतात ते आम्ही रोज बघतो.

आता दुर्बीण. छिद्रं लहान असली तरी आत काम करायला जागा हवी, म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा एवढा ठेवतात. पोटाच्या आतलं अस्तर ताणलं जातं, आतड्यांवर दाब येतो आणि तिथून व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूच्या उलटी-केंद्राकडे संदेश जायला लागतात. आतड्याच्या पेशींतून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं, तेही हाच तंतू चेतवतं. गर्भाशय-बीजांडकोषाच्या ऑपरेशनमध्ये टेबल डोक्याकडून खाली झुकवलेलं असतं. शिवाय ही ऑपरेशनं बऱ्याचदा तासाच्या वर चालतात आणि भुलीचा वायू जितका जास्त वेळ तितकी मळमळ जास्त.

मेंदूच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. मेंदूच्या तळाकडे एक चिमुकला भाग असा आहे, जिथे रक्तातली द्रव्यं अडवणारी नेहमीची भिंत नसते. रक्तात काही विषारी आलं की ते ओळखून उलटीचा हुकूम द्यायचा हे त्याचं काम. भुलीचे वायू आणि अफूवर्गातली औषधं त्याला विषासारखीच वाटतात. ही औषधं कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेलाही हळवं करतात. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांना स्ट्रेचर वळवलं, मान फिरवली, पटकन उठून बसवलं की एकदम उमळून येतं.

उलटीचे हे रस्ते वेगवेगळे असल्यामुळे एकच औषध सगळे बंद करू शकत नाही. उपायांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, आता ओटीला (ऑपरेशन थिएटरमध्ये) जायचंय.

सरोवर

माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. उलट्या झाल्या, पण त्याहून मला आश्चर्य वाटलं ते उजव्या खांद्याच्या दुखण्याचं. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखावा कळेना. नंतर समजलं की उरलेल्या गॅसमुळे पोट आणि छातीमधला पडदा चुरचुरतो आणि त्याचा मज्जातंतू मानेतून, खांद्याच्या तंतूंच्या शेजारून येतो, त्यामुळे मेंदूला खांदाच दुखतोय असं वाटतं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर एक रात्र घाबरून काढली नसती. दुखायला लागलं की सुई मागायची, सुई दिली की मळमळायचं, असं चक्र चाललं होतं.

शुद्धहवा

सरोवर, तुम्ही फार नेमकं लिहिलंत. हे चक्र तोडणं हाच प्रतिबंधाचा पहिला भाग आहे, उलटीचं औषध त्यानंतर येतं.

दुखणं अफूवर्गातल्या औषधांशिवाय जितकं आवरता येईल तितकं आवरायचं. पॅरासिटामॉल आणि दाह कमी करणारं वेदनाशामक ठरलेल्या वेळेला द्यायचं, दुखायची वाट बघत बसायचं नाही (किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर दुसऱ्याचा विचार जपून). सर्जन छिद्रांच्या जागी बधिर करणारं औषध टोचतात, आम्ही पोटाच्या स्नायूंच्या थरांत ब्लॉक (तिथले मज्जातंतू बधिर करणारी सुई) देऊ शकतो. गॅसचा दाब शक्य तितका कमी ठेवणं आणि शेवटी सगळा गॅस नीट बाहेर काढणं यानं खांदादुखी कमी होते. अफूवर्गातलं औषध लागलंच तर द्यायचंच, दुखणं सोसत राहणं हा उपाय नव्हे. मात्र त्याची मात्रा कमीत कमी पुरावी अशी आखणी हवी.

दुसरा भाग भुलीची पद्धत. नेहमीची पूर्ण भूल वायूवर चालवतात. त्याऐवजी प्रोपोफॉल हे शिरेतलं औषध सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग देत भूल ठेवता येते. वायूमुळे पहिल्या काही तासांत जी मळमळ होते ती यानं बरीच टळते. नायट्रस ऑक्साइड हा भुलीत वापरतात तो वायू टाळणं हेही चांगलं, विशेषतः ऑपरेशन तासाभराहून लांबणार असेल तर.

तिसरा भाग पाणी. उपाशी राहणं म्हणजे कोरडं राहणं नव्हे. घन अन्न साधारण ६ तास आधी बंद, पण साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं. आदल्या रात्रीपासून थेंबही न घेतलेल्या बायका अजून येतात, घसा सुकलेला, डोकं दुखतंय, आणि मळमळीला तिथूनच सुरुवात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ पाळा, त्याहून जास्त उपास करू नका. ऑपरेशनदरम्यान सलाईन पुरेसं दिलं तरी उलट्यांचं प्रमाण घटतं.

चौथा भाग औषधं. ऑनडान्सेट्रॉन सगळ्यांना माहीत असतं, ते सेरोटोनिनचा रस्ता अडवतं. साधारण ४ मिलिग्रॅम, ऑपरेशन संपत आलं की देतात. काहींना डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड भूल दिल्याबरोबर, सुरुवातीलाच द्यायचं असतं, कारण त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो, पण तो पुढे दिवसभर टिकतो. अ‍ॅप्रेपिटंट ही गोळी भुलीच्या आधी घ्यायची, ती उलटी थांबवण्यात फार सरस आहे. हायोसीनचा पट्टा कानामागे लावतात, आदल्या संध्याकाळी किंवा काही तास आधी. गाडी लागणाऱ्यांना तो उपयोगी पडतो, पण तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, काचबिंदू असेल तर नको. पट्ट्याला हात लावला की हात धुवायचे, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन बसते. ड्रोपेरिडॉल, हॅलोपेरिडॉलही आहेत, हृदयाचा आलेख बघून. मेटोक्लोप्रमाइडची नेहमीची १० मिलिग्रॅमची सुई या कामाला कमकुवत आहे, फक्त तिच्यावर विसंबू नये.

२०२० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक-दोन धोके असतील तर दोन उपाय करायचे, त्याहून जास्त असतील तर तीन किंवा चार, आणि तेही वेगवेगळ्या वर्गांतले. त्या हिशेबानं टिपकागद तुम्ही शेवटच्या गटात येता.

गणिती_मन

बायकोचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन आहे म्हणून हा धागा वाचतोय. एक शंका. एक औषध जोखीम साधारण चौथाईनं कमी करतं असं वाचलं. मग ते फारसं प्रभावी नाही असंच ना? तीन-चार औषधं देण्यापेक्षा एकच जोरदार औषध जास्त मात्रेत का देत नाहीत?

शुद्धहवा

मात्रा वाढवून फार फायदा होत नाही, कारण तो एक रस्ता आधीच बंद झालेला असतो. दुसरे रस्ते उघडेच राहतात आणि दुष्परिणाम तेवढे वाढतात.

२००४ साली ५ हजारांहून जास्त रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑनडान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या प्रत्येकानं धोका सारखाच, साधारण २६ टक्क्यांनी कमी केला. वायूऐवजी प्रोपोफॉल वापरल्यानं १९ टक्क्यांनी. महत्त्वाचं हे की प्रत्येक उपाय आपापलं काम स्वतंत्रपणे करत होता.

म्हणजे ज्या बाईचा धोका ६० आहे तिला एक औषध दिलं की ४४, दुसऱ्या वर्गातलं दिलं की ३३, तिसरं दिलं की २४. त्यात प्रोपोफॉलची भूल जोडली की २० च्या आसपास. पाच बायकांपैकी तिघींना होणारा त्रास पाचांपैकी एकीवर आला. पहिल्या औषधानं १६ वाचल्या, दुसऱ्यानं ११, तिसऱ्यानं ९, म्हणजे प्रत्येक पुढच्या उपायाचा फायदा थोडा कमी होत जातो. ज्याचा धोका मुळात १० आहे त्याला तेच औषध दिलं तर १० चे ७ होतात. म्हणून सरसकट सगळ्यांना सगळं द्यायचं नाही, पण जास्त धोका असलेल्या बाईला एकाच सुईवर सोडायचंही नाही. माझा सगळा आग्रह याच्यासाठी आहे.

गणिती_मन

आता कळलं. धन्यवाद डॉक्टर. पत्नीला मधुमेह आहे, स्टेरॉइड चालेल?

शुद्धहवा

एका डोसानं साखर चढते, साधारण दिवसभर. मधुमेह असेल तर साखर नियमित तपासून, गरज पडली तर इन्शुलिननं आटोक्यात ठेवतात, किंवा त्याऐवजी दुसरं औषध निवडतात. जखम चिघळेल अशी भीती पूर्वी फार होती. ८ मिलिग्रॅमच्या एका डोसावर हजारो रुग्णांचा मोठा अभ्यास २०२१ साली आला, त्यात मधुमेहीही होते, जंतुसंसर्ग वाढलेला दिसला नाही. तरी तपासणीच्या वेळी साखरेचे आकडे घेऊन जा आणि हा प्रश्न तिथे विचाराच.

पायवाट

मी रिकव्हरी रूममध्ये नर्स आहे. डॉक्टरांनी औषधांचं लिहिलंय, मी खाटेजवळचं लिहिते.

पहिलं म्हणजे मळमळ सांगा. उलटी आम्हाला दिसते, मळमळ दिसत नाही. कित्येक बायका दात आवळून, डोळे मिटून पडून राहतात, त्रास कशाला द्यायचा म्हणून. विचारलं तर म्हणतात, "थोडं होतंय, चालेल." नका चालवून घेऊ. दुखणं जसं दहापैकी किती ते सांगता, तशी मळमळही सांगा. सुरुवातीला सांगितलं तर आवरणं सोपं जातं.

ऑपरेशनमध्ये जे औषध दिलं होतं तेच सहा तासांच्या आत पुन्हा देऊन उपयोग होत नाही, दुसऱ्या वर्गातलं द्यावं लागतं. म्हणून सोबत थांबणाऱ्या माणसानं ओटीत काय दिलंय ते विचारून ठेवावं आणि वॉर्डमध्ये मळमळ पुन्हा सुरू झाली तर "आधी अमुक दिलंय" हे ड्युटीवरच्या सिस्टरांना सांगावं. कागदावर असतं, पण रात्रीच्या गडबडीत तोंडी सांगितलेलं पटकन पोचतं.

औषध तयार होईपर्यंत आम्ही स्पिरिटच्या कापसाचा बोळा नाकापाशी धरतो आणि नाकानं सावकाश खोल श्वास घ्यायला सांगतो. बऱ्याच जणींना त्यानं पटकन हायसं वाटतं. उलटी येतेय असं वाटलं तर मान एका कुशीला वळवा, उशी पोटाशी घट्ट धरा, टाक्यांवर ताण कमी येतो. पहिल्यांदा उठताना आधी डोकं वर, मग थोडा वेळ बसून, मग पाय खाली. नातेवाइकांनी "उठ, बरं वाटेल" असं म्हणत घाई करू नये. आणि पहिलं पाणी घोट घोटच. जबरदस्तीनं काही प्यायला लावू नका, तहान लागेल तेव्हा ती स्वतःहून मागेल.

खिडकीजवळची

पायवाटताई, खूप आभार. तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, सोबत तीच राहणार आहे.

मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांबद्दल कुणी सांगेल का? प्रवासात मी वापरते, मला त्यांनी खरंच बरं वाटतं. ऑपरेशनला घालून गेले तर हसतील का?

सरोवर

मला माझ्या चुलत बहिणीनं आलं चघळायला सांगितलं होतं, आणि कुणीतरी च्युइंगमही. खरं-खोटं डॉक्टर सांगतील.

शुद्धहवा

हसणार नाही, आणि कुणी हसलं तर माझं नाव सांगा. तळहाताकडच्या मनगटाच्या रेषेपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मध्ये जो बिंदू आहे त्यावर दाब दिल्यानं मळमळ-उलटी कमी होते हे अनेक चाचण्यांच्या एकत्र अभ्यासात दिसलंय, आणि हा परिणाम एखाद्या उलटीविरोधी औषधाच्या तोडीचा निघाला. दुष्परिणाम जवळजवळ शून्य, फार तर त्वचा लाल होते. मी रुग्णांना ते औषधांच्या जोडीला वापरायला सांगते. ज्या हाताला सलाईन लावणार तो हात सोडून दुसऱ्यात घाला आणि आधी आम्हाला सांगा, म्हणजे ओटीत जाताना कुणी काढून ठेवणार नाही.

च्युइंगमवर खास बायकांवरच, दुर्बिणीच्या आणि स्तनाच्या ऑपरेशननंतर, चांगली मोठी चाचणी झाली आहे. छोट्या चाचणीत आशा वाटली होती, मोठ्या चाचणीत ते ऑनडान्सेट्रॉनची जागा घेऊ शकत नाही असं दिसलं. पूर्ण जागी असताना चघळलं तर हरकत नाही, पण औषधाऐवजी नको. आल्याबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. ऑपरेशनआधीच्या उपाशी वेळेत आलं चघळणं मात्र नक्कीच नको, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आल्याच्या कॅप्सूलही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मधली_सुट्टी

वाचनमात्र होते, आता लिहावंसं वाटलं. माझं एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन होऊन घरी आले आणि दवाखान्यात अगदी ठणठणीत असलेली मी घरी आल्यावर संध्याकाळी उलट्या करत बसले. तिथे सगळे विचारत होते तेव्हा काही नव्हतं आणि घरी विचारायला कुणी नाही. हे होतं का?

शुद्धहवा

होतं, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. त्याच दिवशी घरी सोडलेल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या एका अभ्यासात, घरी गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत ३७ टक्क्यांना मळमळ किंवा उलटी झाली होती. ऑपरेशनच्या शेवटी दिलेल्या ऑनडान्सेट्रॉनचा परिणाम काही तासांत ओसरतो. मग गाडीतले धक्के, घरी दुखतंय म्हणून घेतलेली ट्रामाडॉलची गोळी, रिकाम्या पोटी घेतलेलं अँटिबायोटिक, सगळं एकदम जमून येतं. स्त्री, वय पन्नाशीच्या आत, पूर्वी त्रास झालेला, रिकव्हरीत अफूवर्गातलं औषध लागलेलं किंवा तिथेच मळमळ झालेली, यातलं जितकं जास्त लागू तितका घरचा धोका जास्त.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी दोन गोष्टी मागा. जिभेवर विरघळणारी उलटीची गोळी सोबत असावी, ती ओकून जात नाही. आणि वेदनाशामकांच्या यादीत ट्रामाडॉलसारखं काही असेल तर ते अगदीच लागलं तरच घ्यायचं का, हे स्पष्ट विचारा. जास्त धोका असेल तर आम्ही ओटीतच लांब टिकणारी औषधं निवडू शकतो. डेक्सामेथासोन, अ‍ॅप्रेपिटंट आणि पॅलोनोसेट्रॉन ही तशी आहेत. पॅलोनोसेट्रॉन शरीरात निम्मं व्हायलाच सुमारे ४० तास लागतात.

टिपकागद

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा वाचून मी भुलीच्या तपासणीला जाताना एका कागदावर लिहूनच नेलं: मागच्या वेळचा त्रास, गाडी लागते, धूम्रपान नाही, आणि आईलाही असाच त्रास झाला होता हे. भूलतज्ज्ञांनी कागद घेतला आणि फाइलला लावला. भूल शिरेतून ठेवायची, डेक्सामेथासोन सुरुवातीला, ऑनडान्सेट्रॉन शेवटी आणि आधी अ‍ॅप्रेपिटंटची गोळी असं ठरलंय. एक गोष्ट त्यांनी विचारली ती इथे कुणी लिहिली नव्हती, गर्भनिरोधक गोळ्या घेता का? मी घेते. त्यांनी काहीतरी समजावलं पण त्या वेळी डोक्यात सगळी गर्दी झाली होती. डॉक्टर, जरा लिहाल का?

शुद्धहवा

बरं झालं विचारलंत, हे मीच आधी लिहायला हवं होतं कारण प्रश्न थेट बायकांचा आहे.

अ‍ॅप्रेपिटंट संप्रेरकांच्या गर्भनिरोधकांचा परिणाम कमी करतं, गोळ्या असोत, पॅच असोत किंवा इम्प्लांट. त्यामुळे ते घेतल्यानंतर २८ दिवस दुसरं, बिगर-संप्रेरक साधन सोबत वापरायचं. सुगामाडेक्स म्हणून एक औषध आहे. ऑपरेशनच्या शेवटी स्नायूंवरचा शिथिलतेचा परिणाम उतरवायला ते देतात. ते प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाला बांधून ठेवतं, म्हणून त्याच्यानंतर ७ दिवस जास्तीचं साधन हवं. आणि उलट्याच होत असतील तर, गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती लागू झाली नाही असं धरून पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे दुसरी घ्यायची. डिस्चार्जच्या कागदावर "सुगामाडेक्स दिलं का" हे लिहून घ्या, कारण हे भुलीत दिलं जातं आणि रुग्णाला कळायला दुसरा मार्ग नसतो.

मधली_सुट्टी

बाप रे, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं गोळ्या घेते. ताबडतोब माझी जुनी फाइल काढते.

सरोवर

एक शेवटचा प्रश्न. उलट्या किती दिवस झाल्या तर "भुलीनं होतंय" असं समजून घरी थांबायचं आणि कधी दवाखाना गाठायचा? माझ्या वेळी हा निर्णय घेताना घरचे सगळे गोंधळले होते.

पायवाट

आम्ही डिस्चार्ज देताना हे सांगतोच, तरी इथे लिहून ठेवते. भुलीची मळमळ पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरत जाते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बाई रोज कालच्यापेक्षा बरी दिसायला हवी. कमी होऊन पुन्हा वाढली, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्यानं सुरू झाली, तर ती भुलीची समजू नका.

शुद्धहवा

पायवाट यांच्या वाक्याखाली मी सही करते. भर एवढीच. उलटीबरोबर पोट फुगत असेल, वारा सरत नसेल, पोटदुखी वाढत असेल, ताप किंवा थंडी असेल, नाडी जलद असेल, हिरवी उलटी होत असेल, छिद्राच्या जागी दुखरा फुगवटा आला असेल, तर त्याच रात्री जा, सकाळची वाट बघू नका. आतड्याला इजा, आतडं अडकणं किंवा छिद्रातून बाहेर येणं अशी कारणं असू शकतात. अशा वेळी घरी उलटीची गोळी देत राहिलं तर खरं कारण झाकलं जातं. चोवीस तासांत पाणीही पोटात ठरत नसेल किंवा लघवी खूप कमी झाली असेल, तरीसुद्धा जा. जाताना ऑपरेशनची फाइल सोबत न्या आणि दारातच सांगा की दुर्बिणीचं ऑपरेशन कोणत्या दिवशी झालं.